फॅक्टर एवढा महाग का? रक्त न थांबण्याचा आजार आणि औषधाचा बाजार

हिमोफिलियाच्या मुलाचे आई-वडील मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "मॅडम, हे आमच्याच पोराला का झालं?" दुसरा, "हे इंजेक्शन एवढं महाग का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही डॉक्टर मंडळी कागदावर गुणसूत्रांची चित्रं काढून व्यवस्थित देतो. दुसरं मात्र "परदेशातून येतं ना, म्हणून" एवढ्यावर उरकलं जातं. ते अपुरं आहे, आणि आता तर पूर्ण खरंही नाही, कारण फॅक्टर आपल्या देशातही बनतो. म्हणून आज पहिल्या प्रश्नावर थोडं आणि दुसऱ्यावर सविस्तर बोलते. रक्त थांबत नाही ते जनुकामुळे. पण पंधराव्या वर्षी गुडघा वाकडा होतो तो फॅक्टर वेळेवर न मिळाल्यामुळे, आणि तो का मिळत नाही हे समजायला औषध कसं, कुठे आणि कोणासाठी बनतं हे बघावं लागतं.

आधी आजार समजून घेऊ. कुठे कापलं की आपल्या रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेवर जाऊन चिकटतात आणि तात्पुरतं बूच बसवतात. मग रक्तातली काही प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि त्या बुचावर धाग्यांची पक्की जाळी विणतात. या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात. त्यांना एक ते तेरा असे क्रमांक आहेत, फक्त सहा नंबरचा फॅक्टर अस्तित्वातच नाही. तो मोजताना चुकून धरला गेला आणि नंतर वगळला, पण पुढचे क्रमांक कोणी बदलले नाहीत. आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला 'ए' असतो. 'बी' त्याहून बराच विरळ.

लोकांना वाटतं, या मुलांना खरचटलं तरी रक्ताच्या धारा लागतात. तसं नसतं. रक्त इतरांपेक्षा जोरात येत नाही, जास्त वेळ येत राहतं. लहानसं कापलं तर दाबून धरल्यावर बहुधा थांबतं. खरा घात आत होतो. गुडघा, घोटा, कोपर या सांध्यांत काही न लागताही रक्त भरतं. सांधा गरम होतो, सुजतो, मूल पाय सरळ करत नाही. ते रक्त आतल्या अस्तराला सुजवतं, सुजलेलं अस्तर पुन्हा सहज रक्त सोडतं, आणि त्याच सांध्यात परत परत रक्तस्राव होऊ लागतो. काही वर्षांत कूर्चा झिजते आणि वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा सत्तरीच्या आजोबांसारखा होतो. डोक्यात रक्तस्राव झाला तर जीवच धोक्यात येतो.

"आमच्या घरात असं कोणालाच नाही," हे वाक्य बहुतेक वेळा सुनेकडे बघत म्हटलं जातं. दोष असलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडून मिळतो, एवढं कुठेतरी ऐकलेलं असतं. तेवढ्यावर आईला गुन्हेगार ठरवून मंडळी मोकळी होतात. तर नीट ऐका. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात कोणालाच हा आजार नसतो, जनुकातला बदल नव्याने झालेला असतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते, आणि ते तिच्या हातात नसतं. जसं तुमच्या नाकाचं टोक तुमच्या हातात नव्हतं, तसंच. वडिलांना हिमोफिलिया असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलग्यांना मात्र तो त्यांच्याकडून येत नाही. वाहक आहे की नाही याची तपासणी होते, गर्भात निदानही होऊ शकतं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था हे काम करते.

आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांत सगळ्यांत जास्त आढळणारा आजार मात्र हिमोफिलिया नव्हे. तो आहे फॉन विलेब्रांड आजार. तो मुलींनाही होतो. "हिच्या अंगावरून फार जातं, आमच्या घरात सगळ्यांचंच असं," असं म्हणून पिढ्यानपिढ्या तो झाकला जातो. त्याच्याकडे पुढे परत येते, कारण पैशाच्या गोष्टीत त्याचीही जागा आहे.

आता दुसरा प्रश्न. माझ्याकडे मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून एक मुलगा येतो. तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे आठवा फॅक्टर एक टक्क्याहूनही कमी. तो अकरा वर्षांचा असताना रात्री गुडघा भरला. सकाळच्या पहिल्या एसटीने बाप त्याला घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात गेला. फॅक्टर संपला होता, नवी खरेदी कागदावर होती. तिथून दुसऱ्या शहरात. पहिली सुई टोचली तेव्हा दीड दिवस उलटून गेला होता. रक्तस्राव सुरू झाल्यावर दोन तासांच्या आत फॅक्टर मिळावा असं आम्ही सांगतो. असं त्याच्या बाबतीत चार-पाच वेळा झालं. आज तो टाच टेकवून चालू शकत नाही. सातारा जिल्ह्यातलं एक कुटुंब नोकरीनिमित्त जर्मनीत राहतं, त्यांचा मुलगा त्याच वयाचा, आजार तोच, तीव्रता तीच. सुट्टीत आजीकडे आला की मला भेटून जातो. घरीच आठवड्यातून ठरलेल्या वाराला फॅक्टर टोचून घेतो, सायकल चालवतो, पोहतो. दोघांच्या जनुकांत फारसा फरक नाही.

दोघांमधला फरक आकड्यांत मांडून बघू. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेल्या पिवळसर द्रवात, आठव्या फॅक्टरचं एक युनिट असतं. म्हणजे लिटरमध्ये हजार युनिट. पण कारखान्यात तो वेगळा करून, शुद्ध करून, विषाणू मारून बाटलीत भरेपर्यंत लिटरमागे साधारण दोनशे युनिटच हाती लागतात. पन्नास किलोच्या मुलाचा गुडघा भरला तर एका वेळी हजार युनिट लागू शकतात. हजार युनिट म्हणजे पाच लिटर प्लाझ्मा, म्हणजेच पंचवीस-तीस रक्तदात्यांच्या पिशव्या. एका इंजेक्शनसाठी! आणि निम्मा फॅक्टर आठ ते बारा तासांत शरीरातून निघून जातो, त्यामुळे अनेकदा पुन्हा द्यावा लागतो.

रक्तस्राव होण्याआधीच नियमित फॅक्टर देत राहणं ही खरी उपचारपद्धत. स्वीडनमध्ये ती १९५८ पासून सुरू झाली. तिकडच्या पद्धतीने किलोला पंचवीस युनिट, आठवड्यातून तीनदा दिले तर या मुलाला वर्षाला जवळजवळ दोन लाख युनिट लागतील. हिशोबापुरतं युनिटला दहा रुपये धरा: वर्षाला साडेएकोणीस लाख. किलोला दहा युनिट, आठवड्यातून दोनदा, असा कमी मात्रेचा पर्यायही चालतो आणि तो सांधे बऱ्यापैकी वाचवतो. त्याचेही वर्षाला बावन्न हजार युनिट, म्हणजे पाच लाख वीस हजार रुपये. ज्याच्या बापाकडे दोन एकर कोरडवाहू आहे त्याने यातला कोणता आकडा निवडायचा?

इथे अर्थशास्त्रातला एक शब्द समजून घ्या. बाजारात 'मागणी' म्हणजे गरज नव्हे. मागणी म्हणजे खिशात पैसे असलेली गरज. त्या मुलाच्या गुडघ्याला फॅक्टरची गरज आहे, पण बाजाराच्या वहीत त्याची मागणी शून्य आहे. भांडवली व्यवस्थेत वस्तू विकण्यासाठी बनते, आणि जिथे विकली जाईल तिथल्या अंदाजाने बनते. याला मी शिवी म्हणून सांगत नाहीये, यंत्र कसं चालतं ते सांगते आहे. हे यंत्र काही गोष्टी फार उत्तम करतं, तेही पुढे येईलच.

सुरुवात मात्र अशी नव्हती. १९६४ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ज्युडिथ ग्रॅहम पूल यांच्या लक्षात आलं की गोठवलेला प्लाझ्मा थंड ठेवूनच हळूहळू वितळवला तर तळाशी एक चिकट साका उरतो आणि त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. हाच क्रायोप्रेसिपिटेट, आमच्या बोलीत 'क्रायो'. त्याला कारखाना लागत नाही. शीतकपाट आणि सेंट्रिफ्यूज असलेली कुठलीही रक्तपेढी तो बनवू शकते. एका पिशवीत साधारण ऐंशी ते शंभर युनिट. आजही फॅक्टर नसेल तेव्हा क्रायोवर वेळ निभावून नेली जाते. त्याच्या अडचणीही आहेत: त्यात विषाणू मारण्याची पायरी नसते, तो घरी फ्रीजमध्ये ठेवता येत नाही, मात्रा नेमकी कळत नाही.

मग हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्याची कोरडी पूड बाटलीत मिळू लागली. रुग्णांना पंख फुटल्यासारखं झालं, घरी टोचा आणि शाळेत जा. पण एवढा प्लाझ्मा आणायचा कुठून? अमेरिकेत तो पैसे देऊन घेतला जाऊ लागला, गरीब वस्त्यांमधून आणि तुरुंगांमधूनसुद्धा. आर्कान्सा राज्यातल्या तुरुंगातली प्लाझ्मा विक्री १९९४ पर्यंत चालू होती. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये 'द गिफ्ट रिलेशनशिप' या पुस्तकात बजावलं होतं की रक्त विकत घ्याल तर आजार लपवण्याचं कारण तुम्हीच दात्याला द्याल. ज्याला आजच्या जेवणाचे पैसे हवेत तो "मला कावीळ झाली होती" असं कशाला सांगेल? हजारो दात्यांच्या एका घाण्यात एकाचा विषाणू पुरेसा असतो.

आणि विषाणू आला. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तीन हिमोफिलिया रुग्णांमध्ये नव्या आजाराची लक्षणं नोंदवली. तो एड्स होता. उष्णता देऊन फॅक्टरमधला हा विषाणू मरतो हे ऑक्टोबर १९८४ पर्यंत जाहीर झालं होतं. आता पुढचं जरा सावकाश वाचा. अमेरिकेतली कटर ही कंपनी बायर समूहाची होती. तिने फेब्रुवारी १९८४ मध्ये तापवलेला, सुरक्षित फॅक्टर बाजारात आणला. पण जुना, न तापवलेला माल ती त्यानंतर वर्षाहून अधिक काळ आशिया आणि लॅटिन अमेरिकेत विकत राहिली. २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून हे छापलं. एक कारण असं दिसलं की आधीच ठरलेल्या किमतीचे करार होते आणि जुना माल बनवायला स्वस्त पडत होता. हाँगकाँग आणि तैवान मिळून शंभराहून अधिक रुग्णांना एचआयव्हीची लागण झाल्याचं त्या वृत्तात आहे. त्या वेळच्या माहितीनुसार आपण जबाबदारीनेच वागलो, असं कंपनीचं म्हणणं.

हे वाचून "बघा, खासगी कंपन्या अशाच!" असं म्हणायला सोपं आहे. पण फ्रान्सकडे बघा. तिथे फॅक्टरचं वाटप राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राच्या हातात होतं, कंपनीच्या नव्हे. साठा दूषित आहे हे कळल्यावरही १९८५ मध्ये ऑक्टोबरपर्यंत न तापवलेला माल रुग्णांना दिला गेला, कारण तो फेकून देणं म्हणजे मोठा तोटा. केंद्राच्या प्रमुखाला १९९२ मध्ये तुरुंगाची शिक्षा झाली. ब्रिटनमध्येही उपचार सरकारी सेवेत झाले होते. तिथल्या चौकशीचा अहवाल थेट मे २०२४ मध्ये आला: रक्त आणि रक्तघटकांतून तीस हजारांहून अधिक लोकांना लागण, सुमारे तीन हजार मृत्यू. रक्तस्रावाच्या आजाराच्या साडेबाराशेच्या आसपास रुग्णांना एचआयव्ही झाला, त्यात शाळकरी मुलंही होती. म्हणून माझं मत असं की मालक सरकार आहे की कंपनी, एवढ्यावर सगळं ठरत नाही. गोदामातला साठा आधी मोजायचा की त्यामुळे होणारे आजारी आधी मोजायचे, यावर ठरतं. साठ्याची किंमत लगेच वहीत दिसते. मुलाचा आजार दहा वर्षांनी दिसतो, आणि तो दुसऱ्याच कोणाच्या वहीत.

आपल्याकडे तेव्हा फॅक्टर परवडत नसल्यामुळे बहुतेकांना प्लाझ्मा किंवा क्रायोच मिळत असे. गरिबीने वाचवलं असं म्हणायचा मोह होतो, पण तसंही झालं नाही. पैसे घेऊन रक्त देणारे आपल्याकडेही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे ही विक्री १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. हिपॅटायटीस सी ची चाचणी सक्तीची व्हायला तर एकविसावं शतक उजाडलं. त्या काळात वाढलेल्या माझ्या कितीतरी रुग्णांच्या यकृतावर त्या वर्षांच्या खुणा आहेत.

आता यंत्राची चांगली बाजू. १९८४ मध्ये जेनेन्टेक आणि जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या दोन कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी चढाओढीने आठव्या फॅक्टरचं जनुक वेगळं केलं. १९९२ मध्ये माणसाच्या प्लाझ्माशिवाय, पेशींच्या टाक्यांमध्ये बनवलेला फॅक्टर अमेरिकेत मान्य झाला. दाता नको, म्हणून दात्याचा विषाणूही नको. भांडवल ओतल्याशिवाय आणि नफ्याच्या आशेशिवाय हे इतक्या वेगाने झालं असतं असं मला वाटत नाही. त्याच वेळी हेही सांगायला हवं की प्लाझ्माच्या फॅक्टरमधले विषाणू मारायची सॉल्व्हंट-डिटर्जंट पद्धत न्यूयॉर्क ब्लड सेंटरमधून आली, आणि ती ना-नफा रक्तपेढी आहे. तुमच्या-माझ्या हाती येणारा प्लाझ्माचा फॅक्टर आज सुरक्षित आहे तो अशा पद्धतींमुळे. तेव्हा वरचा इतिहास वाचून घाबरून औषध बंद करू नका.

श्रीमंत देशांनी टाकीतला फॅक्टर घ्यायला सुरुवात केल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. प्लाझ्मा गोळा करणं थांबलं नाही, उलट वाढलं, कारण त्यातून निघणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिन या दुसऱ्या औषधाला मोठी मागणी आली. आठवा फॅक्टर आता तिथे मुख्य माल राहिला नाही, उरलेला साका झाला. कॅनडातल्या दात्यांच्या प्लाझ्मातून उरणारा असा साका वापराविना फेकला जात होता. पुढे 'प्रोजेक्ट रिकव्हरी' या नावाने त्यातून फॅक्टर बनवून जागतिक हिमोफिलिया महासंघामार्फत गरीब देशांना देणं सुरू झालं. म्हणजे जगात फॅक्टर कमी आहे असं सरसकट म्हणता येत नाही. जिथे पैसा आहे तिथे तो उरत होता, आणि त्याच वर्षांत इकडे गुडघे वाकडे होत होते.

तुम्हाला रुग्णालयात मोफत मिळालेल्या फॅक्टरच्या बाटलीवर कधी कधी दान आल्याची खूण दिसेल. ही मदत खरी आहे, तिने मुलं जगली आहेत. बायोजेन आणि सोबी या कंपन्यांनी २०१४ मध्ये मानवतावादी वापरासाठी एक अब्ज युनिट बनवायचं जाहीर केलं, ते छोटं काम नव्हे. पण दानावर वर्षाचं नियोजन करता येत नाही. यंदा आलं, पुढच्या वर्षी काय? दान मिळालं की आपल्याकडची खरेदी पुढे ढकलली जाते, हेही मी पाहिलं आहे.

आपल्या राज्याचं काय? रक्तदानात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. जयंती असो, गणेशोत्सव असो, शिबिर लागतं. दात्याला केळं, बिस्किट आणि प्रमाणपत्र मिळतं. बऱ्याच ठिकाणी लाल पेशी वापरल्या जातात आणि प्लाझ्मा शिल्लक राहतो. हा शिल्लक प्लाझ्मा लिटरला १६०० रुपये दराने औषध कंपन्यांना देण्याची सोय सरकारने केली. "आम्ही फुकट दिलं आणि हे विकतात?" असं दाते चिडून विचारतात. माझं म्हणणं, फेकून देण्यापेक्षा देणं शंभर पटीने बरं. रक्तपेढीला चाचण्यांचा खर्च असतो, कारखान्याला शुद्धीकरणाचा. पण त्या लिटरमधून फॅक्टर, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन असे अनेक पदार्थ निघतात आणि ते सगळे बाजारभावाने विकले जातात. देणाऱ्याने दान म्हणून दिलेलं, मधल्या वाटेवर माल होतं. त्यातला ठरावीक भाग सवलतीच्या दराने त्याच राज्यातल्या रुग्णांकडे परत यावा, अशी अट घालायला काय हरकत आहे?

बाजार काय बनवतो यापेक्षा काय बनवत नाही हे जास्त बोलकं असतं. पाचव्या फॅक्टरची तीव्र कमतरता दहा लाखांत एखाद्याला असते. त्या फॅक्टरचं औषध आजही जगात कुठेच विक्रीला नाही. मुंबईत नाही, बर्लिनमध्येही नाही. श्रीमंत असलात तरी प्लाझ्माच चढवावा लागतो. कारण बनवून विकायला पुरेसे गिऱ्हाईकच नाहीत.

दुसऱ्या टोकाला ट्रॅनेक्सामिक ॲसिड. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६२ मध्ये जगापुढे आणलेली ही काही रुपयांची गोळी. दात काढल्यावरचा रक्तस्राव, नाकातून रक्त, पाळीतला अतिरक्तस्राव यांत ती फार उपयोगी पडते. फॉन विलेब्रांडच्या कित्येक मुलींचं शाळा बुडवणं तिने थांबतं. तरी तिच्याबद्दल तुम्ही कुठे जाहिरात बघितली? पेटंट कधीच संपलेल्या गोळीचा ढोल कोण वाजवणार? मुलीची पाळी सात दिवसांहून जास्त चालते, तासा-दोन तासांना पॅड बदलावं लागतं, नाकातूनही रक्त येतं, अंगावर काळे-निळे डाग उठतात, असं असेल तर केवळ लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्या. (लघवीतून रक्त जात असेल तर ही गोळी स्वतःहून घ्यायची नाही, एवढं ध्यानात ठेवा.)

नव्या औषधांच्या किमती ऐकून तुम्ही दचकाल. इमिसिझुमॅब हे कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये आलं. आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला एकदा. फॅक्टरविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार झालेल्या रुग्णांसाठी ते वरदान ठरलं. तिथली सुरुवातीची किंमत पहिल्या वर्षाला ४ लाख ८२ हजार डॉलर. हिमोफिलिया बी साठीची एकदाच द्यायची जनुकोपचार मात्रा २०२२ मध्ये ३५ लाख डॉलरला आली, तेव्हाच्या दराने अठ्ठावीस कोटी रुपयांच्या वर. हे आकडे बनवण्याच्या खर्चावरून निघत नाहीत. कंपनी म्हणते, आमचं औषध नसतं तर तुम्ही जन्मभर फॅक्टरवर इतके कोटी खर्च केले असते, त्याहून आम्ही थोडं कमी मागतो. म्हणजे जुन्या औषधाची चढी किंमत हीच नव्या औषधाच्या किमतीची पायरी होते. एवढं करूनही फायझरने २०२४ मध्ये मान्यता मिळालेला आपला जनुकोपचार पुढच्याच वर्षी बंद केला. रुग्ण आणि डॉक्टर फारसे पुढे आले नाहीत असं कारण दिलं.

त्याच सुमारास, डिसेंबर २०२४ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांत आठव्या फॅक्टरचं जनुक घालून, त्या परत दिल्या. पाठपुराव्याच्या काळात एकालाही रक्तस्राव झाला नाही. या कामाला केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं पाठबळ होतं. पाच म्हणजे पाचच रुग्ण, आणि त्याआधी केमोथेरपी घ्यावी लागते, तेव्हा "मॅडम, उद्या वेल्लोरला जाऊ का?" असं लगेच विचारू नका. पण किंमत ठरवण्याची दुसरी पद्धत असू शकते, हे तिथून दिसू शकेल.

तोवर तुम्ही काय करायचं? सरकारी केंद्रात मुलाची नोंद करा. नोंद नाही तर खरेदीच्या यादीत तुमचं मूल नाही, आणि आपल्या देशातले बहुसंख्य रुग्ण आजही कुठल्याच यादीत नाहीत. राज्यात मोठ्या रुग्णालयांबरोबर काही जिल्हा रुग्णालयांतही हिमोफिलियाची डे केअर केंद्रं आहेत, फॅक्टर मोफत मिळतो. कमी मात्रेचा नियमित फॅक्टर किंवा इमिसिझुमॅब मिळेल का, हे स्वतः विचारा. विचारणारे वाढले की मागणीपत्रातला आकडाही वाढतो. साठा संपला असेल तर तसं लेखी मागा, तोंडी "पुढच्या आठवड्यात या" वर परत फिरू नका. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

घरात ॲस्पिरिन, आयब्रुफेन ठेवू नका, तापाला पॅरासिटामॉल. स्नायूत इंजेक्शन नको. लस द्यायच्या आधी डॉक्टरांना आजार सांगा, लसी टाळू मात्र नका. सांधा भरला तर चोळायचा नाही, तेल लावून मालिश तर मुळीच नाही. बर्फ, आराम आणि फॅक्टर. डोक्याला मार लागला तर उलटी व्हायची वाट न बघता आधी फॅक्टर, मग स्कॅन. आणि आजाराचं नाव, प्रकार, फॅक्टरची पातळी, रक्तगट आणि केंद्राचा फोन लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून मुलाच्या दप्तरात ठेवा. वर्गशिक्षकांना तो एकदा दाखवून ठेवा.